रिकामा काटा

काटेसाहेबांची गाडी तापली ती भर दुपारी, भर चौकात, सिग्नलला उभी असताना. म्हणजे तापली असं काट्याचं म्हणणं होतं. डॅशबोर्डवरच्या छोट्या तबकडीतला काटा एरवी मधोमध शहाण्यासारखा बसलेला असायचा, तो त्या दिवशी सरळ तांबड्या पट्ट्यात जाऊन टेकला. साहेबांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि बायकोला आणि आईला ताबडतोब खाली उतरवलं. स्वतः चार पावलं मागे सरकून ते बॉनेटकडे अशा नजरेने बघत उभे राहिले, की रस्त्यावरची दोन माणसंसुद्धा चार पावलं मागे सरकली.

"अहो, पण धूर कुठाय?" बायकोने विचारलं.

"धुराची वाट बघत बसू का? काटा सांगतोय ना!"

"वाससुद्धा येत नाहीये कसला."

"तुझं नाक प्रमाणित आहे का?"

इतक्या वर्षांच्या संसारात बायकोच्या नाकाला, जिभेला, हाताला आणि अंदाजाला एकदाही प्रमाणपत्र मिळालेलं नव्हतं. तरी त्याच नाकावर आणि त्याच अंदाजावर घरातला स्वयंपाक रोज होत होता आणि साहेब तो दोनदा वाढून घेत होते, ही गोष्ट वेगळी.

काटेसाहेब हे त्यांचं आडनाव नव्हे, पण खरं आडनाव आता फक्त वीजबिलावर उरलं होतं. ते वजनमापं खात्यात निरीक्षक होते. बाजारपेठेत त्यांची बॅग दिसली की दुकानदार तराजू पुसायला घ्यायचे. माणूस खोटं बोलतो, काटा बोलत नाही, आणि काटा खोटं बोलत असला तर समजावं की त्याला कुणीतरी शिकवलंय, असं त्यांचं तत्त्वज्ञान होतं. त्यातला एक नियम त्यांनी घरातही कडक पाळला होता, तो म्हणजे काटा स्थिर झाल्याशिवाय वाचायचा नाही. हलत्या काट्याकडे बघणंसुद्धा त्यांना चोरून दुसऱ्याचं बोलणं ऐकण्यासारखं वाटे. न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर बायको उभी राहिली की "थांब, थांब, श्वास घेऊ नकोस, स्थिर होऊ दे" म्हणून ते तिला इतकं ताटकळत ठेवायचे, की तेवढ्यात तिचं वजन थोडं उतरत असावं.

हाच नियम गाडीतही होता. गाडी सुरू केली की कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपर्यंत साहेब डॅशबोर्डकडे बघत नसत. काट्यांना आपापल्या जागी बसायला वेळ द्यायला नको का? पेटी आली की मग नजर खाली.

त्या दिवशी चौकात तासभर थांबून झाल्यावर साहेबांनी गाडी पुन्हा सुरू केली, समोर बघत थोडी पुढे नेली आणि मग काटा वाचला. तो तांबड्यातच होता.

"बघा! तासाभराने पण उतरलेला नाही. केवढी तापली असेल!"

"अरे, पण तो तू किल्ली फिरवल्याबरोबरच वर गेला," मागच्या सीटवरून आई म्हणाली. "मी बघत होते ना."

"आई, सुरू होताना काटा थरथरतो. तेव्हा बघायचं नसतं त्याच्याकडे."

"बरं बाबा. डोळे मिटून बसते."

इथेच, या ठिकाणी, साहेबांनी आईचं ऐकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि आपण सगळे आपापल्या कामाला लागलो असतो. पण आईचे डोळेही प्रमाणित नव्हते. शिवाय त्यातल्या एकाचं ऑपरेशन झालेलं होतं.

गाडी ढकलत, म्हणजे खरं तर अगदी हळू चालवत, पण चेहऱ्यावर ढकलत आणल्याचे भाव घेऊन साहेब घरी पोचले. बिल्डिंगच्या फाटकात मोबाइलकाका उभेच होते. हे काका नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मोबाइलवर व्हिडिओ बघून सगळ्या विषयांत पारंगत झाले होते. गुडघ्याचं ऑपरेशन, मधमाश्या पाळणं, पाणबुडी, कशावरही सल्ला तयार.

"तापते? सोप्पं आहे!" काका म्हणाले. "गाडीतला हीटर फुल्ल लावायचा. इंजिनातली उष्णता आत ओढून घेतो तो. इंजिन गार."

"आणि आतली माणसं?" बायकोने विचारलं.

"खिडक्या असतात की, वहिनी."

पुढचा सगळा आठवडा भर उन्हाळ्यात काटेसाहेबांचं कुटुंब हीटर लावून हिंडलं. आईला दवाखान्यात न्यायचं, हीटर. बँकेत जायचं, हीटर. आई ओला टॉवेल डोक्यावर घेऊन मागे बसायची आणि सिग्नलला शेजारी थांबलेले स्कूटरवाले खिडकीतून येणारी वाफ बघून आत काय शिजतंय म्हणून वाकून बघायचे. दवाखान्यात डॉक्टरांनी आईचा ताप मोजला आणि लगेच रक्त तपासायला लिहून दिलं. "ताप नाहीये मला," आई म्हणाली, "मी मुलाच्या गाडीतून आलेय." डॉक्टरांनी हे वाक्यसुद्धा लक्षण म्हणून टिपून घेतलं असावं.

एवढं करून काटा तांबड्यातून केसभर हलला नाही.

आता या सगळ्यात इतकी घाई कसली होती, बसने का नाही हिंडले, असं कुणी विचारेल. तर घाई होती ती एका कळीची.

साहेबांच्या बायकोला निवडुंगांचा नाद होता. गच्चीवर पन्नासेक कुंड्या, सगळ्या तिने कुणाला न विचारता, कुठलं पुस्तक न वाचता, मातीत बोट खुपसून पाणी हवंय की नको ते ठरवून वाढवलेल्या. त्यातला एक गोल, जाडजूड, चहूबाजूंनी काटे रोखून बसलेला निवडुंग मुलगी शाळेत असताना लिंबाएवढा आणला होता. मुलगी शिकून नोकरीला दुसऱ्या गावी गेली, निवडुंग खरबुजाएवढा झाला, पण फूल म्हणून कधी दिलं नाही. बिल्डिंगमधल्या बायका विचारायच्या, "काय हो, तो तुमचा दगड काय म्हणतो?" बायको म्हणायची, "विचार करतोय." आणि यंदा, त्या दगडाच्या डोक्यावर, काट्यांच्या गर्दीतून वाट काढत एक लोकरी कळी वर आली. बायको दिवसातून तीनदा गच्चीवर जाऊन नुसती बघून यायची. त्याच सुमारास घाटापलीकडच्या गावात फुलांचं प्रदर्शन होतं, रविवारी. निवडुंगाचा वेगळा विभाग होता. तिने आयुष्यात पहिल्यांदा कशाततरी नाव नोंदवलं आणि ते नोंदवल्यावर घरी चार दिवस कुणाला सांगितलं नाही. हे फूल उघडतं एकदाच, टिकतं दिवसभर, आणि उमललेलं असलं तरच स्पर्धेत धरतात.

बसने नेता येण्यासारखं ते नव्हतंच. मागे एकदा तिने याहून लहान कुंडी बसने आणली होती, तेव्हा शेजारी बसलेल्या गृहस्थांना वळणावर तोल सावरता आला नव्हता. ते गृहस्थ पुढचा सगळा प्रवास उभे राहून आले होते.

"गाडीने नेऊ आपण," साहेबांनी शब्द दिला होता. "काळजीच करू नकोस." ती काळजी करत नव्हती. तिने फक्त एक खोका शोधून त्याला आतून जुनी चादर लावून ठेवली होती, आणि साहेब येता जाता त्या खोक्याकडे बघायचं टाळत होते.

गॅरेजवाल्याने गाडी पाहिली. रेडिएटर धुतला. थर्मोस्टॅट बदलला. एक जाड रबरी पाइपही बदलला, कशाला ते त्यालाही नीट सांगता आलं नाही. मग त्याने चालू इंजिनाच्या पाइपवर हात ठेवला आणि म्हणाला, "साहेब, गाडी तापत नाहीये. तापली असती तर हात ठेवता आला नसता. सेन्सर गेला असेल. बदलून बघू."

"बदलून बघू म्हणजे?" साहेब ताठ झाले. "कुणावर खोटेपणाचा आरोप करायचा तर आधी सिद्ध करायला लागतो. मी तीस वर्षं हेच करतोय."

"साहेब, सेन्सर आहे तो. त्याला वकील नाही लागत."

"ते मी बघतो," साहेब म्हणाले आणि गाडी घेऊन घरी आले. हीटर लावून.

सेन्सर तपासायचा म्हणजे तो गरम पाण्यात बुडवायचा, शेजारी थर्मामीटर ठेवायचा आणि तारांना मीटर लावून आकडा कसा बदलतो ते बघायचं, एवढं साहेबांना ठाऊक होतं. मीटर मोबाइलकाकांकडे होता. थर्मामीटर मात्र साहेबांना प्रमाणितच हवा होता, आणि तसा तो गावात एकच होता, त्यांच्या स्वतःच्या ऑफिसातल्या कपाटात, कापसाच्या गादीवर. तो बाहेर न्यायचा तर अर्ज करावा लागे. साहेबांनी अर्ज केला. अर्ज मंजूर करणारे अधिकारी साहेबच. त्यांनी खुर्चीत नीट सरसावून अर्ज वाचला. वापराचा हेतू, खासगी वाहन. भुवया वर गेल्या. त्यांनी अर्जावर लाल शाईने "नामंजूर" लिहिलं, खाली सही केली आणि शेजारच्या कारकुनाला म्हणाले, "लोकांना लाज कशी वाटत नाही!"

अर्जदार म्हणून त्यांना अपमान झाल्यासारखं वाटलं. अधिकारी म्हणून ऊर भरून आला. आणि संध्याकाळी दोघंही एकाच बसने, एकाच तिकिटावर घरी आले.

शेवटी बायकोने गच्चीवरच्या निवडुंगांजवळ टांगलेला तिचा प्लास्टिकचा थर्मामीटर आणून दिला. त्यावर एका बदकाचं चित्र होतं. साहेबांनी तो चिमटीत धरला. "याला सील नाही."

"बदक आहे," बायको म्हणाली. "चालवून घ्या."

मग स्वयंपाकघरात चाचणी झाली. व्हिडिओत बघून साहेबांनी इंजिनातून स्वतःच सेन्सर काढला होता. त्या नादात अंगावर इंजिन गार ठेवणारं हिरवं कूलंट सांडून शर्ट आणि बनियन दोन्ही कायमचे पोपटी झाले होते. दुधाच्या पातेल्यात पाणी, पाण्यात सेन्सर, कडेला बदक, मीटर काकांच्या हातात. पाणी तापायला लागलं.

"आकडा सांगा," साहेब म्हणाले.

"उतरतोय."

"उतरतोय? नीट बघा. पाणी तापतंय."

"तापतंय तसा उतरतोय! एकदम खाली चाललाय!"

साहेबांनी गॅस बंद केला. पाणी निवू लागलं तसा आकडा वर चढू लागला. "उलटा!" साहेब म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात दुःखापेक्षा आनंदच जास्त होता. "पूर्ण उलटा! कमी दाखवणारे पाहिले, जास्त दाखवणारे पाहिले, पण असा निर्लज्ज प्रकार तीस वर्षांत पाहिला नाही!"

"व्हिडिओत काय दाखवलंय?" बायकोने काकांना विचारलं.

"पुढे दुसऱ्याच भाषेत आहे तो. पण माणूस हसतोय."

साहेबांनी सेन्सर फडक्यात गुंडाळला, दोरीने बांधला आणि गाठीवर मेणबत्तीचं मेण ओतून सील केला. सवयच ती. दुसऱ्या दिवशी सुट्या भागांच्या दुकानात दुकानदार म्हणाला, "जुना पीस दाखवा, त्याला जुळणारा देतो." साहेब म्हणाले, पुरावा फोडता येणार नाही. दुकानदार म्हणाला, मग मलाही देता येणार नाही. बराच वेळ दोघंही आपापल्या जागी ठाम राहिले. शेवटी टायर घ्यायला आलेल्या दोन अनोळखी इसमांना साक्षीला उभं करून सील फोडण्यात आलं. त्यातला एक इसम जाताना दुसऱ्याला म्हणाला, "नक्की काय होतं रे त्यात?"

नवा सेन्सर बसला. गाडी सुरू झाली. साहेब समोर बघत, धीराने, पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले आणि मग नजर खाली केली.

तांबड्यात.

शनिवार संध्याकाळ झाली होती. साहेबांनी जिने चढून बायकोला सांगितलं, "काटा उतरत नाही. सेन्सर नवा आहे, म्हणजे इंजिनच तापतंय. घाटात बंद पडली तर तू, आई, ती कुंडी… मला नाही न्यायची ती जोखीम."

"बरं," बायको म्हणाली.

एवढंच म्हणाली. रडली असती, भांडली असती, एखादं भांडं आपटलं असतं, तर साहेबांना बरं वाटलं असतं. तिने खोक्यातली चादर काढून घडी घातली, कपाटात ठेवली आणि विचारलं, "साखर संपलीय. आणता का?"

साहेब पिशवी घेऊन खाली उतरले. खालच्या किराणा दुकानातले शेठ त्यांचे जुने शत्रू. बऱ्याच वर्षांपूर्वी साहेबांनी शेठच्या काट्यात मूठभर डाळीएवढा फरक काढून सगळ्या गिऱ्हाइकांदेखत काटा बंद पाडला होता. शेठ ते विसरले नव्हते. आणि साहेबांच्या गाडीच्या काट्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचायला तर जिनाही उतरावा लागला नव्हता.

"या साहेब! काय म्हणते गाडी? काटा वर आहे म्हणे. असा काटा माझ्याकडे असता तर माझं भलं झालं असतं. कमी घालून जास्त दाखवतो!"

"साखर द्या," साहेब म्हणाले.

साहेब दुकानात आले की शेठ एक गोष्ट न चुकता करायचे. माल घालायच्या आधी ते काट्याचं पारडं रिकामं करायचे, फडक्याने पुसायचे, काटा साहेबांकडे वळवायचे आणि पाढा म्हटल्यासारखं म्हणायचे, "बघा साहेब, रिकामा. शून्य. आता घालू?" हा टोमणा होता आणि साहेब तो दरवेळी अधिकृत निवेदन असल्यासारखा ऐकून घ्यायचे. कारण दुकानात पाऊल टाकल्यावर प्रत्येक दुकानदाराला त्यांनी आजवर पहिला प्रश्न हाच विचारला होता. वजनं मागाहून, बिलं मागाहून. आधी रिकामा काटा दाखवा. रिकामा असताना तो शून्यावर नसेल, तर भरल्यावर काय दाखवतो याला काही अर्थच नाही.

"बघा साहेब, रिकामा. शून्य. आता…"

साहेब काट्याकडे बघत राहिले.

"साहेब? घालू ना साखर?"

"रिकामा," साहेब म्हणाले.

"हो, रिकामाच आहे. शप्पथ!"

साहेब पिशवी तिथेच टाकून बाहेर पळाले. त्या वयाच्या आणि त्या पोटाच्या माणसाने पळावं असं ते पळणं नव्हतं. शेठ घाबरले. आपल्या काट्यात पुन्हा काही सापडलं की काय, म्हणून त्यांनी तो घाईघाईने पुन्हा पुसला, आणि मग राहवेना म्हणून तेही मागोमाग निघाले.

गाडी दुपारपासून सावलीत उभी होती. साहेबांनी बॉनेटवर हात ठेवला. दगडासारखं गार. आत बसले, किल्ली अर्धी फिरवली, इंजिन सुरूही केलं नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा, लाज सोडून, हलत्या काट्याकडे बघितलं.

काटा तळातून उठला आणि कुठेही न थांबता, न थरथरता, तडक तांबड्यात जाऊन बसला.

गार इंजिन. रिकामं पारडं. आणि काटा टोकाला.

वरून खिडकीतून आईचा आवाज आला. "काय रे, काय झालं? तांबडं दाखवतोय ना लगेच?"

"हो!" साहेब ओरडले.

"पहिल्या दिवशीच सांगितलं होतं मी!"

गॅरेजवाल्याला फोन लावला. तो जेवत होता. साहेबांनी सगळं सांगितलं, पाण्यातल्या चाचणीसकट, तेव्हा पलीकडून घास अडकल्यासारखा आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला.

"साहेब, तो उलटाच चालतो हो! पाणी तापलं की आकडा उतरायलाच पाहिजे. बरोबर होता बिचारा! आणि तो काट्याचा नव्हताच. तो दोन तारांचा, इंजिनाच्या कॉम्प्युटरचा. काट्याचा वेगळा असतो. एक तार. जरा खाली, पाइपाच्या मागे. त्या तारेची टोपी ओढून काढा बरं."

टॉर्च शेठनी धरला. जागा मिळेल तशी बोटं घालून साहेबांनी ती टोपी ओढली. आतल्या पिनेवर हिरवट गंज चढला होता. मोबाइलकाकांना गाडीत बसवून डॅशबोर्डकडे बघायला सांगितलं होतं.

"पडला! काटा पडला! एकदम तळाला!"

"झालं तर," फोनमधून गॅरेजवाला म्हणाला. "तो सेन्सर गेलाय. सोमवारी या, बदलून देतो. उद्या जायचंय ना तुम्हाला? खुशाल जा. कॉम्प्युटरचा सेन्सर तर तुम्ही नवाच घातलाय, पंखा वेळेवर लागेल. फक्त काटा चालणार नाही."

साहेबांचा चेहरा उतरला. "काट्याशिवाय? घाटात?"

"वहिनींना शेजारी बसवा. वास आला की सांगतील."

साहेबांनी वर पाहिलं. खिडकीत आईच्या शेजारी आता बायकोही उभी होती. टॉर्चच्या उजेडात काळ्या हातांनी उभे असलेले साहेब काय म्हणतात याची ती वाट बघत होती, आणि आपण वाट बघतोय हे दिसू नये म्हणून खिडकीतलं फडकं झटकत होती.

"अगं," साहेबांनी हाक मारली. "चादर काढ ती कपाटातून."

साखर त्या दिवशी शेठनीच वर आणून दिली. वजन न करता. साहेबांनी पुडी हातात घेतली, तोललीही, आणि तशीच डब्यात ओतली.

आणि रविवारी सकाळी आभाळ भरून आलं. दोन आठवडे आग ओकणारं ऊन नेमकं त्याच दिवशी रजेवर गेलं. गार वारा सुटला. बायकोने खोका मांडीवर घेतला आणि कळीवरून अगदी हलकं बोट फिरवलं.

"आज नाही उघडायची ती," ती म्हणाली. "ऊन लागतं तिला. ऊब लागते."

"मग परत फिरायचं?"

"नको. कळी तर कळी. दाखवून येऊ."

साहेबांनी गाडी सुरू केली. पोस्टाची पेटी आली. सवयीने नजर खाली गेली. तबकडीतला काटा तळाशी आडवा पडलेला. साहेबांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी बायकोकडे बघितलं.

"काय वास येतोय का?"

"नाही."

चार दुकानं मागे पडली. "आता?"

"आता बेकरीचा येतोय."

गाव मागे पडलं, घाट लागला, चढ सुरू झाला. साहेब दर वळणाला विचारत होते आणि बायको दर वळणाला नाक वर करून, क्षणभर थांबून, "नाही" म्हणत होती. चौथ्यापाचव्या वळणानंतर साहेबांनी विचारणं सोडून दिलं. ती आपणहून सांगेल, असं त्यांना वाटायला लागलं. हे वाटणं त्यांना इतकं नवीन होतं की त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. मग त्यांनी मांडीवरच्या खोक्याकडे बघितलं. कळी घट्ट मूठ करून बसली होती, आणि बायको खिडकीबाहेर बघत होती.

साहेबांनी हात पुढे केला, खिडक्या बंद केल्या आणि हीटरचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

"अरे देवा!" मागून आई ओरडली. "परत? गाडी तर बरी झाली ना?"

"गाडीसाठी नाही, आई."

आईने पुढे वाकून खोक्यात बघितलं. मग पिशवीतून टॉवेल काढला, पाण्याच्या बाटलीने भिजवला आणि डोक्यावर घेतला. "चल मग. होऊ दे तिचं बाळंतपण."

बायकोने खोका उचलून हीटरच्या झोताजवळ धरला. बाहेर गार धुकं आणि गाडीत भट्टी. साहेबांचा शर्ट अंगाला चिकटला, चष्म्यावर वाफ धरली, आईने दोनदा पुन्हा टॉवेल भिजवला, आणि कुणीही खिडकी उघडा असं म्हणालं नाही. घाटमाथ्यावर आले तेव्हा बायको एकदम म्हणाली, "हळू."

"काय? वास?"

"हळू चालवा हो. उघडतेय."

साहेबांनी गाडी कडेला घेतली. तिघंही श्वास रोखून बघत राहिली. लोकर आधी बाजूला झाली, मग एक पाकळी, मग तिच्या शेजारची. गुलाबीही नाही आणि जांभळीही नाही, असा तो रंग. या वेळी "स्थिर होऊ दे" असं कुणी म्हणालं नाही. ते हलताना बघण्यातच सगळं होतं.

प्रदर्शनाच्या मंडपात तीन घामाघूम माणसं शिरली तेव्हा लोकांनी आधी त्यांच्याकडे बघितलं आणि मग खोक्याकडे. निवडुंगाच्या लांब टेबलावर कुंड्याच कुंड्या होत्या आणि ढगाळ हवेमुळे सगळ्यांच्या कळ्या मिटलेल्या. उमललेली अशी दोनच फुलं. एक टोकाला ठेवलेलं, मोठ्या बागेतून आलेलं, आणि एक हे. परीक्षक बाई टेप घेऊन फुलांचा व्यास मोजत आल्या. शिंपी वापरतात तसला, कापडी, जुना टेप. त्यांनी तो आधी टोकाच्या फुलावर धरला, मग अगदी अलगद हातांनी या फुलावर धरला आणि आकडा मोठ्याने सांगितला. या फुलाचा आकडा दोन सेंटीमीटरने मोठा होता. शेजारच्या बाई तो लिहून घेऊ लागल्या.

साहेबांच्या नजरेतून ते सुटणं शक्यच नव्हतं. टोकाच्या फुलाला बाईंनी टेप उलट्या बाजूने, धातूची पट्टी असलेल्या धड टोकाकडून लावला होता. आणि आता लावला होता तो फाटक्या बाजूने. तिथे शून्य नव्हतं. झिजून, तुटून, टेप एकावरून सुरू होत होता. म्हणजे फरक दोनाचा नव्हताच, एकाचा होता. साहेबांचा हात आपोआप खिशाकडे गेला, जिथे तपासणीची शिसपेन्सिल असायची. तोंड उघडलं. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती फुलाकडे बघत होती, ओठ दाबून, नाव नोंदवल्यावर चार दिवस जशी गप्प होती तशी. साहेबांनी तोंड मिटलं. निरीक्षकाच्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी छताकडे, मंडपाच्या कापडाकडे, कशाकडेतरी अत्यंत लक्षपूर्वक बघायला सुरुवात केली.

"अहो बाई," बायको म्हणाली.

परीक्षक बाईंनी वर बघितलं.

"टेपचं पहिलं टोक तुटलंय बघा. एकापासून सुरू होतोय तो. माझ्या फुलाचा एक कमी धरा."

बाईंनी टेप डोळ्यांजवळ नेला, "अय्या, खरंच की," म्हणाल्या आणि आकडा खोडून दुरुस्त केला. दुरुस्त केल्यावरही तो टोकाच्या फुलापेक्षा एकाने मोठाच राहिला. निळी फीत कुंडीला बांधण्यात आली. काटे असल्यामुळे ती बांधायला तीन माणसं लागली.

साहेब अजून छताकडेच बघत होते. त्यांचे डोळे ओले झाले होते, पण घामाने आधीच सगळं ओलं असल्यामुळे ते कुणाला कळलं नाही. बायकोने त्यांच्या कोपराला कोपर लावलं.

"बघा ना आता. खाली बघा. शून्यापासून मोजलंय."

परतीच्या वाटेवर घाटात थंडी आणखी वाढली होती. फूल मांडीवर, फीत वाऱ्याने हलतेय, काटा तळाशी निवांत झोपलेला. साहेब एकदाही त्याच्याकडे बघत नव्हते. शेवटी मागून आईने पदर घट्ट लपेटत विचारलं,

"काय रे, तो तुझा हीटर मेला की काय? लाव की जरा."